हातभर निळं

देवळीपाड्याच्या शाळेचं जुनं छप्पर आज पाडायचं होतं. पत्र्यांवर पसरवलेली बुरशी जवळजवळ सगळी पांढरी झाली होती, म्हणजे तिने त्यांतला अ‍ॅस्बेस्टॉस खाऊन संपवला होता. पण पहिलीच्या वर्गावरचा हातभर तुकडा अजून निळाच होता.

शिडीवरून उतरत परवाना अधिकारी मनाली गावित म्हणाली, "आज परवानगी देता येणार नाही. निळं आहे तिथे विषारी तंतू शिल्लक आहेत."

मांडवात सगळा गाव जमला होता, पाहुणे वाटेत होते. वैतागलेले सरपंच शाळा समितीच्या अध्यक्षांकडे वळले. "दौलत गुरुजी, तुमचीच मुलगी आहे. समजवा की तिला!"

गुरुजींनी उभा जन्म याच पत्र्यांखाली शिकवलं होतं. आता चार पावलं चाललं तरी त्यांना धाप लागायची. त्यांनी मनालीला विचारलं, "मॅडम, बुरशीला अजून किती वेळ लागेल?"

"पंधरवडा तरी लागेल, बाबा."

गुरुजी मांडवात गेले. त्यांनी माइक घेतला आणि थांबत थांबत, पण खणखणीत आवाजात सांगितलं, "मंडळी, आपल्या शाळेला आज परवानगी नाकारली आहे. आणि नाकारणारी अधिकारी माझी लेक आहे."