खंडेनवमीनंतरची जीप

सायलेन्सरमधून पुन्हा बार उडाला. आप्पांनी बाकीच्या नातवंडांसमोर शाल्मलीच्या हातातून जुन्या जीपची किल्ली काढून घेतली.

“तुला चालवायला शिकवलं आणि एका दिवसात गाडीची वाट लावलीस.”

“आप्पा, आधी इंजिन बघावं, मग माणसाला बोलावं, असं तुम्हीच सांगता.”

त्यांनी बॉनेट उघडलं. व्हॅक्यूमची रबरी नळी निसटली होती आणि तिथून इंजिन हवा ओढत होतं. भोकावर अंगठा दाबताच बार थांबले. नळीवर हळदकुंकवाची बोटं उमटली होती. काल खंडेनवमीला इंजिन पुसून पूजा एकट्या आप्पांनीच केली होती.

त्यांनी किल्ली पुढे केली. शाल्मलीनं हात मागेच ठेवला.

“पोरांनो, जवळ या,” आप्पा म्हणाले, पण मान वर होईना. “ही नळी माझ्या हातून निसटली.”