राखणदाराचा सल्ला

मुलांनो, डोळे मिटा आणि डिचोलीतला एक गावडेवाडा, म्हणजे गोव्याच्या मूळ रहिवासी गावड्यांची वस्ती, समोर आणा. गोवा नुकताच घटकराज्य झालेला. छोट्या शेवंतीचा खोकला थांबत नव्हता, तेवढ्यात दारात पणजीचा डॉक्टर आला. मूळ रहिवाशांच्या श्रद्धा जपून उपचार कसे करावेत, याचं प्रशिक्षण त्याने नुकतंच घेतलं होतं.

"बाये, या खोकल्याबद्दल तुमचा राखणदार देव काय म्हणतो?" त्याने हात जोडून विचारलं.

"म्हणता, चेडवाक दोतोराक दाखय," शेवंतीची आई पोरीकडे बोट दाखवत म्हणाली.

"वा! आणि तुमच्या रीतीप्रमाणे मग काय करतात?"

"दोतोराची वाट पळयतात."

"वाट पाहतात! किती सुंदर परंपरा!" डॉक्टर गहिवरला आणि पुढचा प्रश्न आठवू लागला.

शेवंतीला धाप लागली. खोकत खोकत ती उठली, त्याच्या गळ्यातल्या नळीची दोन टोकं तिने त्याच्या कानांत खुपसली आणि तिसरं आपल्या छातीवर धरलं.