चौतिसावं मिनिट

विसाव्या मिनिटाला टीव्ही पुन्हा मुका झाला. पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी उमटल्या आणि हिलालआप्पांनी इंद्रसिंगकडे असं पाहिलं, जणू आवाज त्यानेच खिशात घातला होता.

"देखा बापू, व्हयनं ना तसंच?"

इंद्रसिंगचं शहाद्याला बसस्टँडमागे टीव्ही दुरुस्तीचं दुकान. टीव्हीला जोडलेल्या या डिस्क-प्लेअरपायी तो कळसाडीला आप्पांच्या घरी तिसऱ्यांदा आला होता. आधीच्या दोन खेपांना त्याने वायरी बदलल्या, प्लेअरचं भिंग पुसलं, टीव्हीचे स्पीकर तपासले. आजार भलताच निघाला, आणि तो त्याला कालच कुठे उमगला होता.

"आप्पा, प्लेअर चांगला शे. ही डिस्क कॉपी शे ना, म्हनीसन तो बोलत नही."

मग त्याने समजावून सांगितलं. सिनेमावाले आवाजातच एक खूण दडवतात. माणसाच्या कानाला ती कळत नाही, प्लेअरला कळते. वीस मिनिटं तो ऐकतो, ही खरी डिस्क नव्हे हे ओळखतो आणि आवाज बंद करतो. सिनेमा पुढे ढकलून लावला तरी फायदा नाही, एकदा धरलेलं तो सोडत नाही.

"म्हंजे आम्ही चोर?" आप्पांनी विचारलं.

इंद्रसिंगने प्लेअरमधून डिस्क बाहेर काढली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. ज्यांनी सिनेमे चोरून विकले ते मजेत होते, आणि शिक्षा भोगत होता एक म्हातारा, ज्याला आपल्या पोराचं फक्त एक वाक्य ऐकायचं होतं.

हेमकांत आप्पांचा एकुलता एक. एकोणिसाव्या वर्षी नट व्हायला मुंबईला पळाला. आप्पांनी त्याच दिवशी त्याच्याशी बोलणं टाकलं, ते अकरा वर्षं. पोराचा फोन यायचा तो आईला, प्रमिलाबाईंना. फोन वाजला की आप्पा उठून ओट्यावर जाऊन बसायचे. मोडेन पण वाकणार नाही, असा सगळा खाक्या. पोराने टीव्ही पाठवला, प्लेअर पाठवला, पण आप्पांनी खोकी फोडू दिली नाहीत. शेवटी एका हिंदी सिनेमात त्याला छोटं काम मिळालं. घरी बघायला म्हणून त्याने डिस्कची कॉपी आईकडे धाडली आणि खरी स्वतःपाशी जपली.

गेल्या पोळ्याला तो मोटारसायकलवर घरी यायला निघाला. विसरवाडीजवळ ट्रकने उडवलं. पोरगा गेला, आणि त्याचा फोन, पिशवीतली खरी डिस्क, सगळ्याचा चुरा झाला. सिनेमा तर आधीच बुडाला होता, इंद्रसिंगने शोधूनही तो कुठे मिळाला नाही.

तेराव्यानंतर आप्पांनी स्वतःच्या हाताने खोकी फोडली. तेव्हापासून रोज दुपारी ते टीव्हीसमोर बसत. चौतिसाव्या मिनिटाला हेमकांत दिसायचा. पेट्रोलपंपावरचा कामगार, निळा शर्ट घातलेला. समोर एक थकलेला म्हातारा येतो, हेमकांत ओठ हलवतो, हसतो आणि दृश्य संपतं. ते ओठ आप्पांना पाठ झाले होते. शब्द मात्र एकही कळला नव्हता, आणि त्या एका गोष्टीने त्यांना अन्न गोड लागत नव्हतं.

"ऱ्हाऊ द्या ना आता," प्रमिलाबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. "पोऱ्यानं तोंड दिसस ना, तेवढंच बहू शे."

"तू त्यानासंगे बोलेल शे," आप्पा म्हणाले. "मी नही."

इंद्रसिंगने पिशवीतून जुना लॅपटॉप काढला आणि टीव्हीला जोडला. त्या खुणेशी लॅपटॉपला काही देणंघेणं नव्हतं.

"भाऊ, नका ना," प्रमिलाबाई हलकेच म्हणाल्या.

माउलीला पोराचा आवाज सोसवणार नाही, असं इंद्रसिंगला वाटलं. पण बापाची तडफडही बघवत नव्हती. त्याने डिस्क आत सरकवली.

थेट चौतिसाव्या मिनिटावर जाऊ का, असं त्याने विचारलं तर आप्पा उखडले. "पोथी काय मधमाथीन वाचतस?"

तिघेही पहिल्यापासून बघत बसले. विसावं मिनिट आलं. आप्पांनी खाटेचा कठडा घट्ट धरला. विसावं गेलं, पंचविसावं गेलं, आवाज तसाच राहिला. मग पेट्रोलपंप आला, निळा शर्ट आला.

"चाचा, धूप बहुत है. बैठ जाओ, पानी पीकर जाना."

स्वच्छ, भरदार आवाज. आप्पांचा बांध फुटला.

"मन्हा पोऱ्या! आयकं का, हेमकांतनी माय? तोच आवाज! धाकलपने असाच बोले!"

त्यांनी ते वाक्य पुन्हा लावायला लावलं. पुन्हा, आणि पुन्हा. सातव्या वेळी त्यांनी पडद्याला हात जोडले आणि पोराला अकरा वर्षांत पहिल्यांदा उत्तर दिलं. "बठस रे बेटा, बठस. तू सांगस तसं करस."

इंद्रसिंगचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत इतकं पुण्याचं काम आपल्या हातून झालं नव्हतं, असं त्याला वाटलं. ते वाक्य पुन्हा कसं लावायचं ते आप्पांना दाखवून, लॅपटॉप तिथेच ठेवून तो निघाला. प्रमिलाबाई पदर सावरत फाटकापर्यंत आल्या.

"माय, आता आप्पासले झोप लागई," तो म्हणाला.

घरातून तेच वाक्य परत ऐकू आलं. बाईंनी मागे वळून पाहिलं, मग हळू आवाजात म्हणाल्या.

"भाऊ, त्यासले कधीच सांगू नका. हेमकांतनी बोली गावठी वाटनी, म्हनीसन त्या सिनेमावालासनी तठे दुसराना आवाज टाकेल शे."