पायलीभर ज्वारी

"ह्या बाईला मांडवात बोलावलं कुणी?"

नवरी झालेली शिवकन्या अशी कडाडली की बँजोवाल्यांनीसुद्धा हात आवरले. अक्षता पडून गेल्या होत्या. तिची ओटी भरायची तेवढी राहिली होती, अन् नेमकी त्याच वेळी पालमच्या एसटीतून उतरलेली सत्यशीला गाठोडं पोटाशी धरून समोर उभी राहिली.

हिनंच शिवकन्येला पायलीभर ज्वारीला विकलं होतं. लहानपणापासून अख्खं गाव तेच सांगायचं.

विकत घेणारी धुरपताबाई. तिनं पोरीला तळहातावरच्या फोडासारखं जपलं, पण 'माझी लेक' असं चुकूनही म्हटलं नाही. कुणी पोरीचं कौतुक केलं की ती घाईघाईनं म्हणायची, "लोकाचं लेकरू हाय बाई, मी नुस्ती सांभाळायलेय." शिवकन्येच्या काळजात चर्र व्हायचं. एकीनं विकली, दुसरी आपली म्हणंना. मग माणसानं माय म्हणावं तरी कुणाला?

आताही रागारागात तिनं सत्यशीलेचं नाक, डोळे, हनुवटी न्याहाळली. आपलं असं काहीच सापडेना. त्यानं तर ती आणखीच पेटली.

"पायलीभर ज्वारी! अवो, शेळीचं करडूसुद्धा ह्याच्याहून महाग जातं. अन् आता कोणत्या तोंडानं आलाव?"

"तुजी ओटी भरून जाते, बाई," सत्यशीला खाली बघत म्हणाली. "दुसरं काई न्हाई मागत."

"भरू दे तिला," धुरपताबाई हळूच म्हणाली. "तिचा मान हाय."

"कशाचा मान? विकल्याचा?" शिवकन्येचा आवाज फाटला. "ओटी भरंल तर तूच भरशील. अन् माय, आज तरी म्हण ना, माजी लेक हाय म्हणून! एवढं काय जड जायलंय तुला?"

धुरपताबाईनं शेजारणीला विचारलं, "अक्षता पडल्या न्हवं सगळ्या? पोरगी आता सासरची झाली न्हवं?"

शेजारणीनं डोळे पुसत मान हलवली.

सत्यशीलेनं गाठोडं सोडलं. आत ज्वारी होती. "घे धुरपता, तुजी पायली. सुटलीस."

धुरपताबाईनं शिवकन्येला कवटाळलं, अन् इतक्या वर्षांचा हुंदका एकदम फुटला.

"तुज्या आधीचे दोन पाळणे सटवाईनं रिकामे केले गं! तुला तरी परकी समजून सोडावं म्हणून नाळ कापल्याबरोबर मीच तुला हिच्या ओटीत टाकली, अन् ज्वारी देऊन हिच्याकडूनच विकत घेतली. अक्षता पडेस्तोवर तुला माजी म्हणायचं न्हाई, असा नेम होता. पोटची हायेस तू माजी, पोटची!"