फरशीखाली

मांजरी गावातलं रान बिल्डरला दिल्यावर इंद्रजीतनं मोठ्या हौसेनं आईला इटली दाखवायला नेलं. एका जुन्या कॅसलमधली भिंतभर चित्रं बघून दोघं तिथल्या छोट्या चर्चमध्ये शिरली. फरशीवर कोरलेली नावं दिसताच सोजरबाई दारातच थबकल्या आणि वाकून बूट काढू लागल्या.

"खाली माणसं पुरलीत ना रं? वर पाय कसा द्यायचा?"

मागे सगळी टूर खोळंबली. इंद्रजीतला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आई, चल गं! चारशे वर्षं झाली त्यांना जाऊन. आता कुणाला काय त्याचं?"

सोजरबाईंनी बूट पुन्हा चढवले.



"तुझ्या बापाचं तर वर्षश्राद्धबी झालं न्हवतं, तवाच रानातल्या त्यांच्या समाधीवर पार्किंग झालं."