स्टिअरिंगवरची टोपी

मार्नी थांब्यावरच्या स्वच्छतागृहातून परत आली तेव्हा व्हॅन जागच्या जागी होती. हार्लन मात्र आत बसलेला नव्हता. चालकाच्या बाजूचं दार सताड उघडं टाकून तो बाहेर वाऱ्यात उभा होता आणि स्टिअरिंगकडे बघत होता. स्टिअरिंगवर एक लाल लोकरी टोपी अडकवलेली होती.

"काय झालं रे म्हाताऱ्या? भूत पाहिलंस?" मार्नी हसत म्हणाली. "टोपी ठेवली होती ना मी? मग गुमान आत बसायचं की उबेला. दार उघडं टाकून सगळी गाडी गार केलीस."

हार्लनने टोपीकडे बोट केलं.

जोडीने मालाची गाडी हाकणाऱ्या आम्हा सगळ्याच नवरा-बायकोंचा संसार तसा विचित्रच. गादी एक, पण दोघं तिच्यावर एका वेळी कधी नसतात. तातडीचा माल थांबत नाही, म्हणून एकाने चालवायचं आणि दुसऱ्याने मागे पडदा ओढून झोपायचं. त्यात एक धोका असतो. गाडी कुठे थांबली आणि झोपलेलं माणूस हळूच उठून मोकळं व्हायला गेलं, तर चालवणाऱ्याला पत्ताही लागत नाही. तो ओढलेला पडदा बघतो, झोपू दे बिचारीला म्हणतो आणि निघून जातो. म्हणून उतरणाऱ्याने आपली टोपी स्टिअरिंगवर अडकवायची. टोपी दिसली की गाडी हलवायची नाही. आमच्यात देवाची शपथ मोडणारे पुष्कळ सापडतील, पण हा नियम कुणी मोडत नाही.

हार्लनची पहिली बायको लोरेटा याच थांब्यावर मागे राहिली होती. अमेरिकेतल्या वायोमिंगचा हाच उजाड माळ, असाच फेब्रुवारी. ती टोपी डोक्यावर घालूनच उतरली, ठेवायची विसरली, असं हार्लनने पोलिसांना सांगितलं, तिच्या बहिणीलाही सांगितलं. तो निघाला आणि त्याच्या पाठोपाठ, हिमवादळात वाहतूक अडवायला असतं ते महामार्गाचं फाटक बंद झालं. परत फिरता आलं नाही. लोरेटा दुसऱ्या दिवशी सापडली, महामार्गाला लागायच्या वळणापलीकडे, कुंपणाला टेकून बसलेली. इथल्या इमारतीत उबेला बसून राहिली असती तर वाचली असती. ती एवढ्या वादळात चालत का निघाली, हे कुणालाच कळलं नाही.

सगळ्यांना हार्लनची दया आली. मार्नीलाही आली, आणि त्या दयेतूनच पुढे लग्न झालं. प्रत्येक थांब्यावर तो बजावायचा, "टोपी विसरू नकोस हं." ती त्याला चिडवायची, पण मनातून सुखावायची. ज्याची एक बायको अशी गेली तो दुसरीला जिवापाड जपणार, अशी तिची खात्री होती. त्या भरवशावर ती त्याच्या पाठीमागे डाराडूर झोपत आली होती.

"ही कुठे मिळाली तुला?" हार्लनने विचारलं.

"गादीखालच्या खणात. माझी सापडेना, म्हटलं हीच अडकवते. कुणाची आहे?"

"लोरेटाची."

मार्नीचं हसू मावळलं. "पण ती तर टोपी घालून उतरली होती ना?"

वारा जमिनीलगत बर्फाचा भुगा ओढून नेत होता. हार्लनने एक हात दारावर टेकला.

"नव्हती घातली," तो म्हणाला. "टोपी इथंच होती. अशीच."

"म्हणजे?" मार्नीने विचारलं.

"भांडलो होतो आम्ही. कशावरून, तेसुद्धा आता आठवत नाही. भांडलो की मी असंच करायचो. टोपी काढायची, गाडी त्या वळणापर्यंत न्यायची आणि वाट बघायची. ती पाय आपटत यायची, शिव्या घालायची, मग दोघंही हसायचो. त्या दिवशी वळणावर थांबलोच नाही. म्हटलं, चालू दे जरा. पुढून वळून येऊ. मग फाटक पडलं. टोपी मात्र टाकवली नाही गं मला."

"म्हणजे ती तुझ्यासाठी चालत आली," मार्नी म्हणाली. "तू वळणावर असशील म्हणून."

हार्लनने मान डोलावली.

मार्नीला आधी राग आला नाही. तिला भीती वाटली. त्याच्या मागे डोळे मिटून काढलेली एकूण एक झोप तिच्या अंगावर काट्यासारखी उभी राहिली. किती थांब्यांवर आपण टोपी ठेवून उतरलो, आणि किती थांब्यांवर आपलं भांडण झालं होतं, ते तिला आठवू लागलं.

ती त्याच्या शेजारून आत शिरली आणि चालकाच्या जागी बसली. मागे, यंत्र मोडून ठप्प झालेल्या कारखान्यासाठी निघालेली सुट्या भागाची पेटी होती. ती संध्याकाळच्या आत पोचवायची होती. मार्नीने स्टिअरिंगवरची टोपी काढली आणि खाली उभ्या असलेल्या हार्लनच्या हातात दिली.

"डोक्यात घाल," ती म्हणाली. "वारा फार आहे."

त्याने लहान पोरासारखं निमूटपणे टोपी घातली आणि पलीकडच्या दाराकडे जायला तो गाडीला वळसा घालू लागला. मार्नीने दार ओढून घेतलं आणि तो पोचायच्या आत गाडी पुढे काढली.

आज रस्ता उघडा होता. वळण जवळ आलं, तरी तिचा पाय ब्रेककडे गेला नाही. तिने आरशात पाहिलं. उडत्या बर्फात लाल टोपी तेवढी दिसत होती. हार्लन पळत नव्हता, हाका मारत नव्हता. वळणावर गाडी उभी असेल, या भरवशावर तो चालत येत होता.