नागीण कशानं झाली

डॉक्टर आदिती मगदूम यांनी दिवा जवळ ओढला, तसा शालूबाईंच्या कमरेवरचा फोडांचा पट्टा लख्ख दिसला. डाव्या अंगाला, मणक्यापासून निघून बेंबीच्या रोखानं चाललेला. संयोगिता सासूचा पदर सावरून धरत शेजारी उभी होती. पाठीमागच्या खुर्चीत आत्या बसल्या होत्या.

आत्या म्हणजे आक्काताई, सासऱ्यांची थोरली बहीण. वडणगे गावाहून त्या बसनं मागोमाग शहरात आल्या होत्या आणि आल्यापासून त्यांच्या तोंडाला विसावा नव्हता.

"नागीण हाय ही. तोंडानं शेपूट गाठलं की मानूस ऱ्हात न्हाय. आन् हे सगळं हिच्यामुळं!" त्यांनी संयोगिताकडं बोट केलं. "पंचमीच्या दिवशी इळी धरली हिनं. नवऱ्याच्या डब्याला भेंडी चिरली. नागोबा सोडतोय व्हय? वर्षात माझा भाऊ गिळला, आता वहिनी. पांढऱ्या पायाची हाय. इश्वजितला म्हटलंय मी, म्हायेरला धाड हिला."

संयोगितानं मान खाली घातली. दोन दिवस घरात हेच चाललं होतं. उद्या नागीण उतरवणारा मांत्रिक यायचा होता, आणि परवा तिची बॅग भरायची होती. नवरा विश्वजित नुसता 'बघू, बघू' म्हणत होता. सासूबाई तर एक अक्षर बोलल्या नव्हत्या, आत्याच्या बाजूनं नाही आणि तिच्याही नाही. आज धारा काढून झाल्यावर तिनंच धीर केला. "आई, चला, डॉक्टरला दाखवू." शालूबाई निमूट उठल्या होत्या.

"भेंडी मीपण चिरली होती पंचमीला," हातमोजे काढत डॉक्टर म्हणाल्या. "मावशी, लहानपणी कांजिण्या आल्या होत्या?"

"आल्यात्या की. धा वर्साची आसंन मी. सगळ्या गल्लीला आल्यात्या."

"ही नागीण म्हणजे त्याच कांजिण्या. ते विषाणू अंगातून जातच नाहीत. शिरांच्या मुळाशी झोपून राहतात, पन्नास पन्नास वर्षं. अंगातली ताकद खचली की उठतात. वय किती?"

"चौसष्ट."

"साखर?"

"हाय."

"दुखण्याच्या कसल्या गोळ्या घेता?"

"गुडघ्याच्या. बाजारात एकजण देतोय. बारकी पांढरी गोळी. खाल्ली की दिवसभर पळतोय मी."

डॉक्टरांनी सुस्कारा सोडला. "स्टेरॉईड असणार. अंगातली ताकद तेच खातं. मनानं एकदम बंद करू नका, आधी मला आणून दाखवा." लिहिता लिहिता त्यांचं पेन थांबलं. "या वर्षात मोठा धक्का बसला काही? फार जागरणं?"

शालूबाईंनी कमरेवर पदर ओढून घेतला.

"मगाशी सांगितलं की," आक्काताई पुढं सरकल्या. "भाऊ गेला माझा. हिच्याच पायगुणानं..."

"वन्सं, गप बसा."

संयोगितानं चमकून वर बघितलं. लग्नाला दोन वर्षं होत आली होती. सासूबाईंचा हा आवाज तिनं कधी ऐकला नव्हता.

"तुमचा भाऊ तंबाखूनं गेला. घशातली गाठ मी बघितली. पाच म्हैनं हातरुणाला खिळून हुता. त्येचं हागणं-मुतणं मी काढलं, आन् माझा डोळा लागला की ह्या पोरीनं काढलं. कदी नाक मुरडलं न्हाय तिनं. तुमी पावण्यावानी आलासा, च्या पिलासा आन् गेलासा." त्या डॉक्टरांकडं वळल्या. "लिवा, डॉक्टरीणबाई. पाच म्हैनं झोपलो न्हाय मी. आन् त्ये गेल्यावर रडायला बी सवड घावली न्हाय. म्हशी हुत्या दावणीला."

डॉक्टरांनी लिहिलं. मग हळू आवाजात विचारलं, "फोड कधी दिसले?"

"परवा सांजंला," संयोगिता म्हणाली.

"बरोब्बर वेळेत आलात. तीन दिवसांच्या आत औषध सुरू झालं, की चांगला फरक पडतो. उशीर झाला असता तर पुढं महिनोन् महिने ठणका लागण्याची भीती होती. आणि मावशी, ही एकाच बाजूच्या शिरेवर उठते. तोंड-शेपूट काही नसतं हिला. कुणी आणलं तुम्हाला?"

"हिनं," शालूबाई म्हणाल्या. "माझ्या सुनंनं."

आक्काताईंनी पिशवी काखेत मारली. "मी बसनं जातो," म्हणाल्या. त्यांना कुणी थांबवलं नाही.

संयोगितानं स्कूटर काढली. शालूबाई डावं अंग जपत मागं बसल्या. दसरा चौकात सिग्नलला शेजारी रिक्षा थांबली आणि तिच्यातून वडणग्याचीच एक बाई बाहेर वाकली.

"आगं शालू, नागीण झाली म्हनं तुला? कशानं गं?" विचारता विचारता तिचे डोळे संयोगितावर गेले.

शालूबाई ताठ झाल्या.

"म्हातारी झालो म्हनून!" त्या एवढ्या मोठ्यांदा ओरडल्या, की चौकातल्या पोलिसानंही मान वळवली. "सुनंनं दवाखान्यात आणलं म्हनून वाचलो. डॉक्टरनं लिवून दिलंय. वाचून दावू?"

सिग्नल हिरवा झाला.

"घे गं, जोरात," त्या संयोगिताच्या कानाशी म्हणाल्या. त्यांच्या एका हातात सुनेचा खांदा घट्ट होता, आणि दुसऱ्या हातातला डॉक्टरांचा कागद वाऱ्यावर फडफडत होता.